स्टेपनीची जागा

शम्सा पहाटे गेली. माझी धाकटी बहीण. फजरची नमाज उरकून मी अंगणात कॉफी घेत बसलो होतो, तेवढ्यात घाफातहून मुहन्नाचा फोन आला. घाफात हे शम्साचे गाव आणि आमचे मूळ गावही. नोकरीची पहिली वर्षे मी तिथल्याच शाळेत काढली. मुहन्ना त्या शाळेतला माझा विद्यार्थी आणि आता शम्साचा शेजारी.

"मास्तर, शम्साबाई गेल्या. झोपेतच. तुम्ही लगेच निघा. असरच्या नमाजेनंतर माती द्यायची ठरलंय. उन्हाळा आहे, त्यापुढे थांबता येणार नाही म्हणतात इमामसाहेब."

असरची नमाज म्हणजे उन्हे कलती झाल्यावरची. मी राहतो त्या निझ्व्याहून निघून तोवर पोहोचणे अवघड नव्हते.

आमच्याकडे बाईला कबरीत उतरवायचे ते तिच्या रक्ताच्या पुरुषाने. शम्साला मूलबाळ नव्हते, नवरा आधीच गेलेला. राहिलो दोघेच: मी आणि आमच्या थोरल्या भावाचा मुलगा झहरान. घरचे कोणी नसले तर गावातली भली माणसे ते काम करतात, धर्माची त्याला ना नाही. पण मागच्या ईदला शम्सा मला म्हणाली होती, "आठवतं का रे, मी खजुरीवर चढून बसले होते आणि उतरता येईना?"

"आठवतं ना. केवढा गळा काढला होतास."

"तू खांद्यावर घेऊन उतरवलंस. एकदासुद्धा धक्का लागू दिला नाहीस. तसंच उतरव मला. परक्याचा हात नको."

"मोठा मी आहे. आधी मी जाईन."

"तुझं काय, तुला उतरवायला अख्खी शाळा येईल," ती म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून हसली.

झहरान गाडी घेऊन आला. सोबत त्याची आठ वर्षांची रय्या होती. शाळेला सुट्टी, आई दवाखान्यात ड्यूटीवर, आणि शम्साआत्याकडे जायचे म्हणून ती हटूनच बसली होती. गाडी नवी होती. दोन महिन्यांपूर्वी ती घेताना झहरानने मलाही शोरूममध्ये नेले होते. मी मागचे दार उघडून खालचा पत्रा उचलला. स्टेपनीच्या जागी काळ्या फोमचे एक ताट होते आणि त्यात पांढऱ्या पातळ चिकाची बाटली आणि हवा भरायचे छोटे यंत्र.

"स्टेपनी कुठे आहे?" मी विचारले.

विक्रेता मुलगा अदबीने म्हणाला, "आता नव्या गाड्यांना देत नाहीत, बाबा. वजन वाचतं, पेट्रोल वाचतं. लोक गाडी विकेपर्यंत ती बाहेरसुद्धा काढत नाहीत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी पत्रा पुन्हा बसवला.

आदम गाव मागे पडल्यावर दोन रस्ते फुटतात. नवा डांबरी रस्ता मोठा वळसा घेऊन जातो. जुना कच्चा रस्ता पठारावरून सरळ घाफातला निघतो. झहरानने फोनवर बघितले आणि म्हणाला, "जुन्यानं जाऊ या, काका. तासभर आधी पोहोचू. तुम्हाला आत्याचं तोंड बघायला मिळेल." मलाही तेच हवे होते. मी मान डोलावली.

त्या पठारावरचे दगड चकमकीचे आहेत, फुटलेल्या बरणीसारख्या धारेचे. अर्धे पठार ओलांडले असेल, तोच मागच्या बाजूला फट्ट झाले आणि गाडी एकीकडे कलली. झहरानने उतरून बघितले. परत आला तेव्हा त्याचा चेहरा अजून शांत होता.

"पंक्चर आहे. दहा मिनिटं."

त्याने बाटली काढली, नळी जोडली, यंत्राची वायर गाडीला लावली. यंत्र घरघरायला लागले. रय्या कानावर हात ठेवून शेजारी उकिडवी बसली. इतक्यात मागून धूळ उडवत एक पिकअप आली. मागे पाण्याची टाकी, टाकीवर दोन स्टेपन्या दोरीने आवळलेल्या. चालवणारा वाळवंटात उंट पाळणारा बेदू, चाळिशीच्या पुढचा. गाडी थांबवून तो उतरला आणि आधी माझ्याकडे आला, कारण मी वयाने मोठा. आम्ही हात मिळवले.

"कसे आहात बाबा? तब्येत बरी? घरची मंडळी?"

"अल्लाची कृपा. तुम्ही कसे? जनावरं कशी आहेत?"

"कृपा आहे. काय खबर?"

"काही खबर नाही. सगळं ठीक. तुमच्याकडे काय खबर?"

"काही नाही. सगळं ठीक." मग तो टायरकडे वळला. "काही लागेल?"

"काही नको, काका," झहरान मान वर न करता म्हणाला. "यंत्र आहे. होतंय आता."

बेदूने त्या यंत्राकडे जरा वेळ बघितले. कॉफीला बसा म्हणून मी त्याचा हात धरला. थर्मास भरलेला होता, खजूर होते. बसला असता तर पहिल्या कपानंतर त्याने पुन्हा विचारले असते आणि मग मी सांगितले असते. तशीच रीत आहे. पण तो म्हणाला, "बाबा, माफ करा. उंट कालपासून तहानलेले आहेत. परतताना बसतो." आणि घाफातची वाट डावीकडे सोडून तो पठारावर आत वळला. धूळ खाली बसली.

रय्या माझ्याजवळ आली. "आजोबा, तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत."

"काय खोटं?"

"खबर नाही म्हणालात. शम्साआत्या गेली, ही खबर नाही?"

"आहे," मी म्हणालो. "पण भेटल्या भेटल्या माणसाच्या डोक्यावर दुःख टाकायचं नसतं. पहिल्यांदा विचारलं की सगळं ठीक म्हणायचं. तो बसतो, घोटभर कॉफी घेतो, मग पुन्हा विचारतो. तेव्हा सांगायचं."

"आणि तो बसलाच नाही तर?"

मी उत्तर द्यायच्या आत झहरान ओरडला. टायरच्या कडेतून पांढरा फेस बाहेर येत होता. खिळ्याचे भोक असते तर त्या चिकाने बुजवले असते. इथे कडच चिरली होती, माझी चार बोटे जातील इतकी. यंत्र घरघरत राहिले आणि बाटली दगडांवर रिकामी झाली.

आम्हाला गाडीत बसवून झहरानने ती तशीच हळूहळू चालवून बघितली. थोडे गेल्यावर टायर फाटून निघाला आणि चाकाची लोखंडी कड खडीत रुतली. मग तो दूरच्या टेकडीकडे निघाला, हातात फोन उंच धरून. आम्ही दोघे गाडीच्या सावलीत बसलो. सावली आमच्या पायांपुरतीच होती.

तो परत आला तेव्हा घामाने भिजला होता.

"एक काडी मिळाली रेंजची. मदतीच्या नंबरवर लागला. बाई विचारते, जवळची इमारत कोणती? मी म्हटलं, इमारत नाही. म्हणते, मग चौक? पेट्रोल पंप? मी म्हटलं, बाई, इथे मी आहे आणि दगड आहेत." तो हसायला गेला, पण हसू आले नाही. "शेवटी म्हणाली, आमची गाडी डांबर संपेपर्यंतच येते."

"आणि मुहन्ना?"

"लागला होता. मी म्हटलं, गाडी बंद पडलीय, कुणाला तरी पाठव. तो म्हणाला, पाठवतो. जुन्या रस्त्यावर म्हणून सांगणार, तेवढ्यात कट झाला. पुन्हा लागला नाही."

"मग तो डांबरी रस्त्यानं पाठवणार," मी म्हणालो. नवा रस्ता झाल्यापासून इकडून कोण येते?

"इमाम थांबतील म्हणाला. जमेल तेवढं थांबवतो म्हणाला."

मुहन्ना लहानपणापासून दुसऱ्याचे मन राखायला खोटे बोलतो. बोलताना शरीराचा भार डाव्या पायावर टाकतो. दुसरीत असताना मित्राची चोरी स्वतःवर घेताना तो असाच उभा होता. पण फोनवर पाय दिसत नाहीत.

झहरान पुन्हा टेकडीवर गेला, पुन्हा आला. मग त्याने मागचे दार उघडले, ते फोमचे ताट उचलून दूर फेकले आणि त्या रिकाम्या गोल खड्ड्याकडे बघत उभा राहिला.

"बोला ना, काका. मी सांगितलं होतं असं म्हणा एकदाचं."

"मी सांगितलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं."

"तुम्ही आयुष्यभर स्टेपनी घेऊन हिंडलात. स्वतःला किती वेळा लागली?"

"स्वतःला फार नाही," मी म्हणालो. "बहुतेकदा दुसऱ्यालाच लागली. कुणीतरी असंच वाटेत बसलेलं असायचं. त्याला लावून द्यायची आणि पुढे जायचं. चार दिवसांनी ती दारात आणून ठेवलेली असायची, वर मधाची बाटली नाहीतर करडू."

"आणि त्या चार दिवसांत तुमचंच चाक फुटलं असतं तर?"

"तर दुसऱ्याची लावली असती. तेव्हा सगळ्यांच्या गाड्या एकाच जातीच्या. कुणाचंही चाक कुणालाही बसायचं."

"आता बसत नाही ना!" तो एकदम चिडला. "आता प्रत्येकाचं वेगळं. मग ते धूड पाठीवर घेऊन फिरण्यात अर्थ काय? कंपनीनं हिशेब केलाय, शंभरातल्या नव्वद लोकांना लागत नाही."

"बरोबर आहे त्यांचं."

"मग?"

शाळेत मुले असे विचारायची तेव्हा मी म्हणायचो, उद्या सांगतो, आणि रात्री विचार करून खरोखर सांगायचो. इथे उद्याचा उपयोग नव्हता.

"बाबा," रय्याने झहरानला विचारले, "असर कधी होते?"

त्याने तोंड फिरवले. म्हणून मी तिला म्हणालो, "ये, आपणच शोधू." काहीतरी करायला हवे होते, आणि मला शिकवण्यावाचून दुसरे काही येत नाही.

माझी हातातली काठी मी तिला दिली. तिने आपली ओढणी काठीशी धरून काठीएवढी लांबी मोजली आणि गाठ मारली. मग काठी खडीत उभी रोवली. ऐन दुपार होती. सावली काठीच्या बुडाशी गोळा होऊन बसली होती, जेमतेम टाचेएवढी.

"ही दुपारची सावली. आता एवढी सोड, आणि तिच्या टोकापासून तुझी गाठ मोज."

तिने मोजले. ओढणीचे एक टोक काठीला बांधले, दुसऱ्या टोकाला टोकदार दगड धरला, आणि गुडघ्यांवर सरकत तिने अर्धे वर्तुळ काढले. मध्येच रेघ तुटली तर मागे जाऊन नीट केली.

"काठीच्या सावलीचं टोक या रेघेला लागलं की असर. घड्याळ नसताना घाफातची माणसं असंच ओळखायची. शम्साआत्यासुद्धा. तिची काठी म्हणजे अंगणातला खांब."

"तिच्या खांबाची सावली आणि आपल्या काठीची सावली एकाच वेळी पोहोचणार?"

"जवळजवळ एकाच वेळी."

ती खूश झाली. तिला नवे काही कळले की तिचे डोळे बारीक होतात, शम्साचे व्हायचे तसेच. त्यानंतर ती दर थोड्या वेळाने गाडीतून उतरून बघून यायची आणि सांगायची. "अजून पुष्कळ आहे, आजोबा." "अजून अर्धं आहे." आम्ही गाडीत गार हवेत बसायचो, पेट्रोल संपेल म्हणून झहरान ती बंद करायचा, मग पुन्हा बाहेर यायचो. पाणी होते, खजूर होते, कॉफी होती. काहीही कमी नव्हते. अंगात ताकद होती, खिशात पैसे होते, गाडी नवी होती. फक्त तिथून हलता येत नव्हते.

सावली रेघेच्या जवळ आली तेव्हा समोरून पाण्याचा एक टँकर डुलत डुलत आला. चालक बलुच होता, दिलमुराद नावाचा. त्याने उतरून चाक बघितले आणि कपाळाला हात लावला. त्याच्या टँकरचे चाक आमच्या गाडीएवढ्या उंचीचे. तरीही त्याने पाना काढला, जॅक काढला, गाडी उचलली, फाटलेले चाक काढून हातात घेतले आणि पुन्हा जागेवर लावले. काहीतरी केल्याशिवाय त्यालाही जाववेना.

"मी टँकर फिरवू का?" त्याने विचारले. "पण तिकडे मजुरांच्या कॅम्पवर सकाळपासून पाणी नाही. आणि या रस्त्यावर हा कासवासारखा चालतो."

मी रेघेकडे बघितले. त्याच्या चालीने घाफातला पोहोचेपर्यंत सगळे उरकलेले असणार होते, आणि कॅम्पवरची माणसे तहानेने बसलेली.

"नको, भाऊ. तू जा. कॅम्पवरून एक निरोप दे."

"काका!" झहरान म्हणाला.

"तूच सांग, काय उपयोग?"

टँकर गेला.

मग रय्या आली. या वेळी पळत आली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, लागली."

आम्ही तिघे जाऊन बघून आलो. सावलीचे टोक रेघेवर होते. तिने रेघ चांगली काढली होती. कुठे दोष देता येईना.

"म्हणजे आता तिकडे नमाज सुरू झाली?"

"हो."

"आणि मग आत्याला नेणार?"

"हो, बाळ."

"आपण काठी काढून दुसरीकडे लावली तर?"

झहरान गाडीमागे गेला आणि त्याचा हुंदका आम्हाला ऐकू आला. मी रय्याला जवळ घेतले. मग प्यायचे पाणी राखण्यासाठी आम्ही वाळूनेच हात-तोंड पुसून तयम्मुम केले आणि तिथेच असर पढलो, आणि नंतर शम्सासाठी हात उचलले. रय्याने काठीची सावली पायाखाली येणार नाही अशी जागा धरली होती. दुआ मागताना माझे मन एकाच ठिकाणी अडकत होते. दफनभूमीच्या वाटेवर एक ओढ्याची उतरण आहे. तिथे खांदेकऱ्यांचे पाय घसरतात.

उन्हे पिवळी झाली तेव्हा बेदूची पिकअप परत आली. लांबूनच त्याने आम्हाला ओळखले असावे, कारण तो भरधाव आला. उतरला, पण रीत सोडली नाही.

"कसे आहात बाबा? काय खबर?"

"काही खबर नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक."

रय्याने माझ्याकडे मान वर करून बघितले.

या वेळी तो बसला. आम्ही खडीवरच बसलो. मी कप भरला, त्याने प्यायला, पुरे म्हणून कप हलवून परत दिला. मग म्हणाला, "माझं नाव मुसल्लम. आता सांगा बाबा, खबर काय आहे?"

मी सांगितले.

"दुपारी मी इथेच होतो," तो म्हणाला. "मी विचारलं होतं."

"हो. तुम्ही विचारलं होतं."

"अर्ध्या तासात सोडलं असतं. उंट थांबले असते." मग त्याला वाटले असावे की तो मला बोल लावतो आहे. तो घाईने म्हणाला, "तुमची काही चूक नाही. मीही हेच म्हणालो असतो. मीच बसायला हवं होतं."

उठून त्याने पिकअपवरची स्टेपनी सोडली आणि आमच्या चाकाजवळ लोळवत आणली. तिला सहा भोके होती, आमच्या गाडीला पाच. त्याने ते बघितले, झहरानने बघितले. दोघांनी ती पुन्हा उचलून वर बांधली.

नवी गाडी कुलूप लावून तिथेच सोडली आणि आम्ही मुसल्लमच्या पिकअपमध्ये दाटीने बसलो. रय्या माझ्या मांडीवर झोपली. गावाच्या अलीकडे दोन पोरे समोरून आली; मुहन्नाने त्यांना डांबरी रस्त्यावर दोनदा पाठवले होते.

दफनभूमीत माती अजून ओली होती. पुरुषाच्या कबरीला दोन दगड, बाईच्या कबरीला तीन; तसे तीन उभे केलेले. लोक शोकघराकडे गेले होते. एकटा मुहन्ना आमची वाट बघत थांबला होता. त्याच्या झग्याला गुडघ्यापर्यंत माती लागलेली होती. तो माझ्या कपाळाचे चुंबन घेऊन म्हणाला, "मास्तर, थांबवलं हो. दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा इमामसाहेब म्हणाले, आता नाही."

"कुणी उतरवलं?"

"मी आणि मशिदीतल्या दोघांनी."

मी मधल्या दगडावर हात ठेवला. दगड दिवसभराच्या उन्हाने गरम होता.

"मुहन्ना, धक्का लागला का?"

"नाही, मास्तर," तो लगेच म्हणाला. "जराही नाही. फुलासारखं उतरवलं."

मी त्याच्या पायांकडे बघितले. पण सूर्य केव्हाच टेकडीमागे गेला होता, आणि कबरींच्या मधल्या अंधारात त्याचे पाय मला दिसत नव्हते.